पायाळूचं लायसन

माझ्या कमरेत उसण भरली ती वसमतच्या मोंढ्यात. हळदीचा कट्टा उचलणं हे हमालाचं काम आहे, मास्तरचं नाही, एवढी अक्कल तीस वर्षं पोरांना शिकवून मला यायला हवी होती. पण भाव मनासारखा लागला होता आणि हमाल चहाला गेला होता. मी वाकलो, कट्ट्याचे दोन्ही कान धरले आणि 'हं' म्हणालो. कट्टा जागचा हलला नाही. मी जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो. अडत्या म्हणाला, "सर, नमस्कार पुरे झाला, उठा आता."

हिंगोलीला परत येताना एसटीत जागा होती, पण बसता येईना आणि धड उभंही राहता येईना. कंडक्टरनं मला "काही पडलंय का?" म्हणून विचारलं आणि बिचारा स्वतःही वाकून बाकाखाली पाहून आला.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतलाच हळदीचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे हळद लावावी कशी, काढावी कशी, शिजवावी कशी, याचं रीतसर शिक्षण आमच्या जिल्ह्यात मिळतं. ती काढता काढता ज्यांच्या कमरा जातात त्या कमरा चोळाव्यात कशा, याचं शिक्षण मात्र कुठं मिळत नाही. तरीही चोळणारे गल्लोगल्ली आहेत. ज्यात न शिकता इतके तज्ज्ञ झाले असा दुसरा विषय म्हणजे फक्त राजकारण.

उसण भरलेल्या माणसाला इज्जत नसते. ताप आलेल्याची लोक विचारपूस करतात, उसण भरलेल्याला आधी हसून घेतात आणि मग सल्ला देतात. संध्याकाळपर्यंत माझ्या कमरेला अकरा सल्ले मिळाले. रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करून बांधा. वीट तापवून शेका. करडीच्या तेलात लसूण जाळा. बायको म्हणाली, "कट्ट्याला हात लावायचा नव्हता." हा बारावा सल्ला बरोबर होता, फक्त उशिरा आला.

अशा वेळी माझा भाचा घरी आला. बारावी झालेला, कळमनुरीकडचा. आल्या आल्या म्हणाला, "मामा, मी थेरपिस्ट होणार."

"म्हणजे रे काय?"

"मसाज थेरपिस्ट. पुण्याला कोर्स आहे. सर्टिफिकेट भेटतं. मग मोठ्या हॉटेलात काम लागतं."

त्याच्यामागोमाग दाजी आले होते. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "दोन एकर हळद सोडून हा लोकांचे पाय चेपणार म्हणतो!"

"पाय नाही बाबा, फूट रिफ्लेक्सोलॉजी."

"पाय ते पायच!"

दोघंही न्यायासाठी माझ्याकडे पाहू लागले. न्यायाधीश काटकोनात होता. शेवटी तोडगा निघाला. आपल्या भागात माणसाच्या अंगाला हात लावून बरं करणारे जेवढे लोक आहेत, त्यांच्याकडं भाच्यानं मला मोटारसायकलवर घेऊन जायचं, आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे. एक, हे तुम्हाला शिकवलं कुणी? आणि दोन, तुमचं लायसन कुठंय? भाच्याची चौकशी होईल आणि माझी कमरही फुकटात चोळून होईल. मास्तरची कमर एकदाची प्रात्यक्षिकाला लागली.

पहिला मान अर्थातच पायाळूचा. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेलं माणूस. त्यानं तीनदा पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गल्लीत एक सूनबाई पायाळू आहे. वळवाचं आभाळ आलं की सासू तिला अंगणात जाऊ देत नाही, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. एरवी मात्र तिच्या पायांना मोठी मागणी असते. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. तिनं पदर डोक्यावरून घेतला, वाकून माझ्या पाया पडली, "चुकलं माकलं माफ करा, सर" म्हणाली आणि कमरेत लाथ घातली. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या मनात जे होतं ते शेवटी नमस्कारासकट घडलं.

उसण गेली नाही. पण अख्खी गल्ली बघत असल्यामुळं लाजेनंच मी दोन इंच सरळ झालो.

भाच्यानं वहीत लिहिलं : शिक्षण शून्य तास. परीक्षा जन्माच्या वेळी, तीही आईनं दिलेली. लायसन आजन्म. नूतनीकरणाची गरज नाही.

तिथून आम्ही सलूनवाल्या अण्णांकडं गेलो. अण्णांच्या दुकानात संत सेना महाराजांच्या तसबिरीशेजारी चौकटीत एक कागद लावलेला आहे. भाच्याला आनंद झाला. "हे लायसन!" अण्णा म्हणाले, "ते गुमास्ता आहे, बाळा. ते दुकानाचं असतं, हाताचं नाही." खरंच आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात अशा छोट्या दुकानाला नोंदणीचा व्यापही नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. त्या पावतीत अण्णा चंपी कशी करतात याची कुणी चौकशी केलेली नाही.

पण अण्णांकडं दुसरा कागद निघाला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, केंद्र सरकारनं प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. अण्णांनी तिच्यातून प्रशिक्षण घेतलं. दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळालं, अवजारांसाठी १५,००० ची मदत मिळाली, प्रमाणपत्र आणि ओळखपत्रही मिळालं. या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, परीट, अगदी बाहुल्या करणारेसुद्धा आहेत. न्हावी आहे. मालिशवाला नाही. अण्णांनी याचा सोपा अर्थ लावला आहे : "केस सरकारी, मानेखालचं सगळं खासगी."

मी खुर्चीत बसल्यावर (म्हणजे लोंबकळल्यावर) अण्णांनी चंपी सुरू केली. दहा बोटं टाळूवर पडू लागली तसा मी त्यांना शाम्पूच्या बाटलीकडं बोट दाखवून शिकवायला लागलो; खोड जात नाही. हा शाम्पू शब्द मुळात आपल्या चांपण्यातनं, चंपीतनं गेलेला आहे. पाटण्यात जन्मलेला शेख दीन मोहम्मद नावाचा गृहस्थ इंग्लंडात गेला आणि १८१४ च्या सुमारास त्यानं ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेच्या स्नानाचं आणि अंग रगडण्याचं दुकान थाटलं. त्यावर १८२२ साली पुस्तकही लिहिलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम अशा दोन राजांनी त्याला आपला 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं. कोर्स नाही, परिषद नाही, परीक्षा नाही, थेट राजाचं डोकं हातात. अण्णा म्हणाले, "सर, राजा गिऱ्हाईक असला की लायसन कोण मागणार? आपल्याकडं तलाठी येतो, त्यालाही मी कधी कागद दाखवला नाही." मग त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मान मोडू का?" मी दोन्ही हातांनी मान धरून बाहेर आलो.

तालमीत फार वेळ गेला नाही. तिथला नियम सरळ आहे : नव्या पोरानं आधी वस्तादाचं अंग रगडायचं, कुस्ती नंतर. रगडता रगडता कुठला स्नायू कुठून निघतो हे बोटांना कळतं, आणि तेच पुढं डाव टाकताना उपयोगी पडतं. मी वस्तादांना सांगितलं की एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती, घोडदळ होतं आणि मोतद्दार घोड्यांना रोज खरारा करायचे. म्हणजे आमच्या गावात नेमानं, वेळापत्रकाप्रमाणं अंग रगडून घेणारे पहिले जीव घोडे असणार. वस्ताद माझ्याकडं आपादमस्तक पाहून म्हणाले, "घोड्याला शिस्त असते, सर. तो कट्टा उचलायला जात नाही."

आता खरी गोष्ट. जिला विचारायचं आम्हाला इतक्या उशिरा सुचलं ती रोज सकाळी सातला आमच्याच घरी येत होती. माझी पुतणी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि दाई आजी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येत होत्या. आजींचं वय त्यांनाही माहीत नाही. "रझाकाराच्या टायमाला मी रांगत होते," एवढाच दाखला.

भाचा आणि मी न्हाणीच्या दाराशी पाठमोरं बसलो. बाळंतिणीचं झाल्यावर बाळाच्या वेळी आम्हाला तोंड वळवायची परवानगी मिळाली. आजी पाटावर बसल्या, पाय लांब केले, पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सरकवल्या. वाटीतल्या कोमट तेलाचा एक थेंब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहिला. मग बाळ नडग्यांवर उताणं घेतलं. छातीवरून दोन्ही तळवे बाहेरच्या बाजूला गेले, पोटावर गोल फिरले, मांडीवरून घोट्यापर्यंत उतरले. उजवा हात आणि डावा पाय एकमेकांना भेटवला, मग डावा हात आणि उजवा पाय. बाळ आधी ओरडलं, मग हुंदके द्यायला लागलं, मग जांभई दिली. आजींचं तोंड या वेळात शेजारच्या सुनेबद्दल बोलत होतं. हातांचं त्याकडं लक्ष नव्हतं. अंघोळ झाली, शेगडीवर ओव्याची धुरी झाली, बाळ दुपट्यात घट्ट बांधलं गेलं आणि दुसऱ्या मिनिटाला झोपलं. मी माझ्या कारकिर्दीत इतक्या लवकर वर्ग फक्त इतिहासाच्या तासाला झोपलेला पाहिला आहे.

भाच्यानं वही काढली. "आजी, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"सासूनं. पहिल्या वर्षी नुसतं पाणी तापवायला लावलं. दुसऱ्या वर्षी बाळंतिणीच्या पायाला हात लावू दिला. लेकराला तिसऱ्या वर्षी."

"आणि लायसन?"

"ते काय असते?"

भाच्यानं मोबाइलवरून जगाची माहिती वाचून दाखवली. न्यूयॉर्क राज्यात लोकांचं अंग चोळायचं लायसन हवं तर १००० तासांचं शिक्षण लागतं, मग परीक्षा. जपानात तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा. तिथं सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाच्या अंध वैद्यानं अंधांना सुया टोचण्याची आणि अंग चोळण्याची विद्या शिकवणाऱ्या शाळांची परंपराच उभी केली. थायलंडच्या मालिशीला २०१९ साली युनेस्कोनं मानवजातीच्या वारशात घेतलं. आपल्याकडं आयुर्वेदाचार्य वाग्भटानं रोज अंगाला तेल लावा, त्यातही डोकं, कान आणि पाय विसरू नका, असं सांगून ठेवलं आहे. पण चोळणाऱ्याला लायसन देणारा असा स्वतंत्र कायदा देशात नाही. आहे तो कौशल्य विकासाचा कोर्स : ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा 'स्पा थेरपिस्ट'. हे लायसन नव्हे, कौशल्याचं प्रमाणपत्र.

"हजार तास म्हंजे किती लेकरं?" आजींनी विचारलं.

मी मास्तर. हिशेब केला. सव्वा महिना म्हणजे धरा चाळीस दिवस, रोजचा एक तास. एका बाळंतपणाचे चाळीस तास. पंचवीस बाळंतपणं म्हणजे हजार. आजी हसायला लागल्या. "पंचवीस? ते तर ह्या एका गल्लीतच झाले की रे. तुझी पुतणी, तिचा बाप, दोघंबी ह्याच नडगीवर." म्हणजे माझा थोरला भाऊ. सध्या तो घरातल्या सगळ्यांवर ओरडत असतो. नडग्यांवरही तो असाच ओरडायचा, असं कळलं.

शेवटी राहिल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम. त्यांच्याकडं चार वर्षं अभ्यास आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप करून मिळवलेली पदवी होती आणि राज्य परिषदेची नोंदणीही होती. सबंध दौऱ्यात दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्या त्या पहिल्याच. मला वाटलं, आता पदवीधर चोळणी होणार. त्यांनी मला हातही न लावता आधी दहा प्रश्न विचारले. पाय बधिर होतो का, लघवीला त्रास आहे का, ताप आहे का, पडला होतात का. मग म्हणाल्या, "झोपून राहू नका. हळूहळू चालत राहा. हे तीन व्यायाम रोज करा." मी चोळून घ्यायला गेलो होतो, त्यांनी मलाच कामाला लावलं.

भाच्यानं विचारलं, "मॅडम, मग एवढे जण मालिश करतात त्याचं काय?"

त्यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण जाते. त्या मुदतीत माणूस चार ठिकाणी फिरतो आणि ज्याचा हात शेवटचा लागला त्याचं नाव होतं. मालिशीनं बरं वाटतं, ते खोटं नाही. पण खरं शिक्षण चोळायचं कसं याचं नसतं, चोळायचं कधी नाही याचं असतं. हाड मोडलेलं असताना चोळायचं नाही. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, तिथं हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. मान झटक्यानं मोडायची नाही, मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही.

माझ्या मनात एकदम तीन जण दोषी ठरले : अण्णा, तालीम आणि आजी. दुसऱ्या दिवशी आजींना भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाकात तेल घालायचं मी कवाच सोडलं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं तवापासून." परदेशात काही ठिकाणी लायसन टिकवायला दर काही वर्षांनी नवं शिकल्याचे तास दाखवावे लागतात. आजींनी ते तास कुणाला दाखवले नाहीत, एवढाच फरक.

तोपर्यंत भाच्याचं कोर्सचं पुस्तक आलं होतं. त्यात मालिशीच्या बरोबरीनं आणखी धडे होते : कामाची जागा तयार ठेवणे, आरोग्य आणि सुरक्षितता पाळणे, कामाच्या ठिकाणी चांगली छाप पाडणे. दाजींनी 'छाप पाडणे' वाचून विचारलं, "हे चोळायचं पुस्तक आहे का निवडणुकीचं?" आजींनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेल हाताला लागते बाबा, कागदाला लागलं तर डाग पडतेत." मग जरा थांबून विचारलं, "पर त्या कागदानं पैसे वाढतेत का?"

हसता हसता आम्ही सगळे गप्प झालो. आजींना पूर्वी पायलीभर ज्वारी, खण-नारळ आणि बारशाला लुगडं मिळायचं. आता पैसे मिळतात, पण ते देताना घरोघर घासाघीस होते. मागच्या वर्षी नव्या वसाहतीतल्या एका घरानं त्यांना 'सर्टिफिकेट आहे का' विचारून परत पाठवलं आणि कागद असलेली मुलगी शहरातून तिप्पट पैशांत बोलावली. म्हणजे आमच्या दोन्ही प्रश्नांचा रोखच चुकला होता. आजींच्या हाताला लायसन नको आहे, त्यांच्या मजुरीला हवं आहे. ज्यांना कधी थांबायचं ते कळत नाही त्यांना शिक्षण द्या, आणि ज्यांना सगळं कळतं त्यांना कागद द्या. सध्या आपल्याकडं उलटं चाललं आहे : न शिकलेला मान मोडतो आहे आणि शिकलेली आजी भावासाठी भांडते आहे.

भाचा पुण्याला जाण्याआधी आठवडाभर आजींच्या मागं फिरला. निघायच्या दिवशी आजींनी परीक्षा घेतली. स्वतःचे दुखरे गुडघे पुढं केले आणि डोळे मिटले. भाच्यानं दहा मिनिटं तेल लावलं. आजींनी डोळे न उघडताच निकाल दिला, "हात चांगला हाय. नखं काप." पुण्याहून त्याचा पहिल्या दिवशी फोन आला. स्वच्छतेचा धडा झाला म्हणे. पहिलंच वाक्य : नखं कापलेली असावीत.

माझी उसण नवव्या दिवशी गेली. पायाळू सूनबाई म्हणते तिच्या लाथेनं गेली, अण्णा म्हणतात चंपीनं, मॅडम म्हणतात चालण्यानं, आणि बायको म्हणते हळद संपल्यामुळं.

वाचकांना दोनच विनंत्या. तुमच्या घरी सव्वा महिना अशी एखादी आजी येत असेल, तर या वेळी तिनं मागितलेल्या पैशांत घासाघीस करू नका; तिचे हजार तास केव्हाच भरलेले आहेत. आणि हळदीचा कट्टा हमालालाच उचलू द्या, तो चहा पिऊन येईपर्यंत थांबा.